पदवीला उमेदवारीची जोड



‘उमेदवारी’ हा शब्द आता निवडणुकीच्या मोसमातच कानी पडतो. मराठीत त्याचा एक जुना अर्थ आहे. जाणत्या माणसाच्या हाताखाली काम शिकण्यात घालविलेला काळ म्हणजे उमेदवारी. पेढीवर, छापखान्यात, वकिलाच्या कचेरीत तरुण मुले अशी उमेदवारी करीत. १९६१ च्या कायद्याने कारखान्यांत आलेला ‘शिकाऊ उमेदवार’ याच परंपरेतला. आज महाविद्यालयांत तिला ‘इंटर्नशिप’ म्हणतात. नाव बदलले, तरी खरे काम आणि त्यावर नजर ठेवणारा जाणता माणूस या दोन्ही गोष्टी तिला लागतात. त्यांतील एकही नसेल तर हाती उरतो तो कागद.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत अशा कार्यप्रशिक्षणाला ४ श्रेयांक दिले गेले. एका श्रेयांकास ३० तास धरले तर हे १२० तासांचे काम होते. हेतू उत्तम आहे. परंतु बीबीए, बीसीए आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी एकाच वेळी जागा शोधू लागले की नाशिक-पुण्याच्या कचेऱ्या अपुऱ्या पडतात. मग पैसे मोजून प्रमाणपत्र मिळवून देणारे पुढे येतात. बागायतदार बाप कर्ज काढून शुल्क भरतो, मुलगा गुणपत्रिका घेऊन घरी येतो आणि मुलाखतीत ‘तुम्ही नेमके काय केले?’ या पहिल्याच प्रश्नाला निरुत्तर होतो. ही त्या घराची फसवणूक आहे.

काम शोधायला दूर जाण्यापूर्वी निफाड तालुक्याकडेच पाहावे. कांद्याच्या व्यापारात देशभर नाव असलेली लासलगावची बाजारपेठ याच तालुक्यात आहे. लिलाव कसा चालतो, तोलाई-हमाली वजा जाऊन शेतकऱ्याच्या हाती काय पडते, चाळीत साठविलेल्या कांद्याचे वजन घटते तेव्हा थांबणे परवडते की नाही, हे वाणिज्य आणि व्यवस्थापनाचे धडेच आहेत. काही वर्षांची आवक आणि भाव मांडून एखाद्या विद्यार्थ्याने साठवणुकीचा हिशेब काढला, तर तो त्याच्या घरालाही उपयोगी पडेल. लासलगावलाच भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्र २००२ मध्ये उभे राहिले आणि २००७ मध्ये तेथे प्रक्रिया झालेला आंबा अमेरिकेला गेला.

संगणकाच्या विद्यार्थ्यासाठी द्राक्षाचे उदाहरण घ्यावे. २००३ मध्ये कीटकनाशकाच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षे अडचणीत आली. त्यानंतर २००६ मध्ये ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था आणली. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस असा प्रवास तीत नोंदला जातो, त्यामुळे परदेशातील पेटीचा माग थेट बागेपर्यंत लागतो. बागेच्या क्रमांकातील एक आकडा चुकला तर माल अडू शकतो. माहिती अचूक का हवी, हे अशा ठिकाणी एका दिवसात कळते. तालुक्यातच ओझरचा विमान कारखाना आहे, सहकारी पतसंस्थाही आहेत.

हंगामात शिकवायला सवड कुणाला, ही व्यापाऱ्याची अडचण खरी आहे. द्राक्षांची निर्यात आणि सहावे सत्र दोन्ही जानेवारी ते एप्रिलच्या सुमारासच येतात. त्यावर उपाय म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतच ओळख व पूर्वतयारी करावी, म्हणजे हंगामात तो मुलगा ओझे न होता मदतीचा हात होईल. हिशेबाच्या गोपनीयतेविषयी प्रारंभीच लेखी ठरवावे. पेढीने एक माणूस नेमून द्यावा, कामाचे स्वरूप कागदावर असावे, निदान प्रवासखर्च द्यावा. प्राध्यापकांनी पंधरवड्यातून एकदा कामाच्या जागी जावे. अखेरीस विद्यार्थ्याने आपला अहवाल त्याच व्यापाऱ्यांसमोर वाचावा.

२०२४ मध्ये केंद्राने मोठ्या कंपन्यांतील १२ महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी दरमहा ५,००० रुपयांची, तर राज्याने पदवीधरांसाठी १०,००० रुपयांच्या विद्यावेतनाची योजना जाहीर केली. या योजना मुख्यतः शिक्षण आटोपलेल्यांसाठी होत्या. पदवीपूर्वीच्या त्या १२० तासांची जबाबदारी महाविद्यालय, स्थानिक व्यावसायिक आणि पालक यांचीच आहे. पालकांनी प्रमाणपत्राची चौकशी करण्याऐवजी रोज संध्याकाळी ‘आज काय शिकलास?’ एवढे विचारले तरी पुष्कळ साधेल.

निफाड ही न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची जन्मभूमी. १८४२ मध्ये येथे जन्मलेले रानडे १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत होते. देश केवळ कच्चा माल पुरविणारा राहू नये, त्याने उद्योग उभारावेत, हा विचार त्यांनी आग्रहाने मांडला. त्या विद्वानाच्या गावी शिक्षण आणि उद्योग एकमेकांना अनोळखी राहू नयेत. येत्या हंगामात तालुक्यातील प्रत्येक पेढीने एका विद्यार्थ्याला खुर्ची आणि खरे काम द्यावे, एवढीच अपेक्षा.