कृषिव्यवसायातील स्त्रिया आणि सौदाशक्ती



सौदा म्हणजे बोलण्यातील चातुर्य, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात भाव ठरतो तो बोलणाऱ्याच्या पाठीशी असलेल्या बळावर. पर्याय, थांबण्याची क्षमता आणि संघटन ही या बळाची तीन अंगे होत.

पर्यायाचे उदाहरण चंदीगडकरांना परिचित आहे. पंजाबमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या ‘अपनी मंडी’त उत्पादक थेट ग्राहकाला माल विकतो. आंध्र प्रदेशातील ‘रयतु बाजार’ १९९९ मध्ये याच विचाराने उभे राहिले. दुसरा बाजार हाताशी असेल, तरच अडत्याला नकार देता येतो.

उरलेल्या दोन अंगांचे महत्त्व घानामध्ये दिसते. तेथील बाजारपेठांत भाजीपाल्याचा व्यापार मुख्यत्वे स्त्रियांच्या हाती आहे. टोमॅटोसारख्या मालाच्या व्यापारिणी आपली प्रमुख ठरवतात; ती सर्वांच्या वतीने बोलणी करते व तंटे मिटवते. उलट, त्याच देशाच्या उत्तर भागात शिया वृक्षाच्या बिया वेचणारी एकटी स्त्री पैशांच्या निकडीपोटी हंगामातच पडत्या भावाने माल विकते. साठवण आणि पतपुरवठा मिळाला, तरच तिला थांबणे परवडते.

महाराष्ट्रातील दाखला सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्याचा आहे. म्हसवड येथे चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांनी सहकारी बँकेसाठी अर्ज केला. प्रवर्तक महिला निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने तो प्रथम नाकारला. महिला लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. व्याजाचा तोंडी हिशेब आम्हालाही विचारा व अधिकाऱ्यांनाही विचारा, असा त्यांचा पवित्रा होता. १९९७ मध्ये ‘माणदेशी’ बँक सुरू झाली. अक्षरज्ञान नसले तरी हिशेबाचे ज्ञान होते. त्यांनी तेच वाटाघाटीच्या केंद्रस्थानी आणले.

धोरणाच्या दृष्टीने तीन टप्पे लक्षात घ्यावेत. १९९२ पासून नाबार्डने बचतगटांना बँकांशी जोडले. २००२ च्या कंपनी कायदा दुरुस्तीने उत्पादक कंपनीला मान्यता दिली. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत समान हक्क मिळाला. तथापि, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रीला शेतीकर्ज मिळणे आजही कठीण जाते, आणि कर्जाअभावी ती पडत्या भावाला माल देते. म्हणून महिला उद्योजकांना संभाषणकौशल्याचे प्रशिक्षण देताना जमिनीची नोंद, गोदाम आणि पतपुरवठा यांचाही विचार व्हावा. नकार देण्याची ऐपत हीच सौद्याची पहिली पायरी होय.