राइट यांच्या घरात एक तास



चालक मंडळी आमच्याकडे आली तेव्हा त्यांची समजूत अशी होती की, बांधकाम मजुरांच्या संघटनेत तीस वर्षे घालवलेला माणूस किमान वेतनावर नाहीतर मजूर कायद्यांवर बोलेल. आम्ही म्हणालो, अमेरिकेतले एक घर पाहून आलो आहोत, त्या घराविषयी बोलू. मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. उतारवयात ह्यांनाही प्रवासवर्णनाची बाधा झाली, असे त्यांना वाटले असावे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काय असेल ते नगरवाचनालयाच्या बाकावरचे. तेव्हा वास्तुकलेवर व्याख्यान झोडण्याचा आमचा अधिकार नाही. घर पाहायला गेलेल्या एका माणसाला काय दिसले आणि काय दिसले नाही, एवढेच सांगतो.

शिकागोला आमचा पुतण्या नोकरीला आहे. त्याने बोलावले आणि आम्ही गेलो, पण मनात होते ते एका थडग्याचे दर्शन. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोच्या कामगारांनी संप केला. ४ मेच्या रात्री हे-मार्केटच्या सभेत बाँब पडला. तो कोणी टाकला हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. पण पुढाऱ्यांवर खटला चालला आणि ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघांना फाशी झाली. फॉरेस्ट पार्क नावाच्या उपनगरातील स्मशानभूमीत ते पुरलेले आहेत. तिथे १८९३ साली उभारलेले स्मारक आहे : पडलेल्या कामगाराच्या मस्तकावर पुष्पमुकुट ठेवणारी एक स्त्री. तिच्यापुढे उभे राहून आम्ही चार नावे मोठ्याने उच्चारली : पार्सन्स, स्पाइस, फिशर, एंगेल. डोळे भरून आले, हे लपवत नाही.

तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "काका, इथून जवळच, ओक पार्कमध्ये फ्रँक लॉइड राइटचे घर आहे. दुपारची तिकिटे काढून ठेवली आहेत." आम्ही जरा नाखुशीनेच निघालो. श्रीमंतांची घरे बांधणाऱ्याचे घर आपण कशाला पाहायचे, हा आमचा जुना हेका.

राइट यांचा जन्म १८६७ चा. ते शिकागोत नोकरी शोधत आले ते १८८७ साली, म्हणजे ज्या वर्षी ती चौघे फासावर गेली त्याच वर्षी. लुई सुलिव्हन ह्या मोठ्या वास्तुशिल्पकाराच्या कचेरीत ते लागले आणि १८८९ साली त्याच सुलिव्हनकडून ५,००० डॉलर कर्जाऊ घेऊन, वयाच्या बाविसाव्या वर्षी, लग्न करून त्यांनी हे घर बांधले. मालकाकडून उचल घेऊन घर बांधणे आणि मग ती फिटेपर्यंत मालकाशी बांधलेले राहणे ही गोष्ट आमच्या नाक्यावरच्या कोणत्याही गवंड्याला समजावून सांगावी लागणार नाही.

घर एकट्याने हिंडून पाहता येत नाही. दहाबारा जणांचा घोळका करतात आणि एक मार्गदर्शक बरोबर देतात. आमच्या वाट्याला आलेल्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. हे काम त्या हौसेने, विनावेतन करत. विनावेतन म्हटल्याबरोबर आमचे कान टवकारले, पण बाईंचा उत्साह पाहून आम्ही गप्प बसलो. घोळक्यात दोन विद्यार्थी होते, एक वृद्ध जोडपे होते, आणि एक धिप्पाड गृहस्थ, जो बाईंची पाठ वळली की दाराच्या चौकटीवरून हळूच अंगठा फिरवायचा. हा सुतार, हे आम्ही तेव्हाच ओळखले. कशालाही हात लावायचा नाही असा तिथला नियम. माणसांनी बसावे म्हणून केलेल्या खुर्च्या आणि भोवती हात पाठीशी बांधून उभी असलेली बारा माणसे! देवळात तरी तीर्थ मिळते, असे आमच्या मनात आले.

पण घर पाहू लागलो आणि आमचा हेका हळूहळू सुटत गेला, हेही सांगितले पाहिजे. जेवणघरातल्या खुर्च्यांच्या पाठी माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. सगळे जेवायला बसले की त्या पाठींचेच कुंपण व्हावे आणि खोलीत आणखी एक खोली तयार व्हावी. वर, टेबलावर, लाकडी जाळीतून झिरपणारा दिवा. वरच्या मजल्यावर मुलांची खेळायची खोली आहे, १८९५ ची. तिकडे जाणारी वाट अरुंद, अंधारी, ठेंगणी. आम्ही मान खाली घालून शिरलो आणि एकदम वर कमानदार छत, उजेड, पसारा! घोळक्यातल्या प्रत्येकाच्या तोंडून तोच एक उद्गार निघाला. खिडक्या इतक्या खाली की मोठ्या माणसाने वाकून पाहावे आणि मुलाने उभ्या उभ्या. सहा मुलांच्या ह्या बापाने खोली मुलांच्या मापाने बांधली. जागा कमी म्हणून मोठा पियानो भिंतीत घुसवला आहे. सूर वाजवायची पट्टी खोलीत आणि त्याचे धूड पलीकडे जिन्यावर, लोखंडी पट्ट्याने टांगलेले. एका खोलीत चार बिऱ्हाडे बसवणाऱ्या आमच्या लोकांना ही युक्ती आवडली असती.

बाई सांगत होत्या : राइट यांनी ही खिडकी केली, राइट यांनी हे छत चढवले, राइट यांनी झाड तोडायचे नाही म्हणून बुंध्याभोवती छप्पर बांधले. तासाभरात हे नाव किती वेळा आले हे आम्ही मोजू लागलो होतो. पुढे नाद सोडला.

शेवटी १८९८ साली जोडलेल्या कचेरीत आलो. नकाशे काढण्याची ही दालनवजा खोली. वरचा सज्जा छतापासून लोखंडी साखळ्यांनी टांगलेला, खाली एक खांब नाही. इथे बाईंनी मेरियन महोनी ह्यांचे नाव घेतले. आम्ही वाचनालयात ह्या बाईंविषयी वाचले होते. राइट यांची कीर्ती १९१० साली जर्मनीत छापलेल्या ज्या चित्रसंचाने युरोपभर पसरली, त्यातील कितीतरी चित्रांमागे ह्या बाईंचा हात. त्यांचे पती वॉल्टर बर्ली ग्रिफिन हेही ह्याच खोलीत बसत. राइट यांनी ग्रिफिनकडून पैसे उसने घेतले आणि फेडताना जपानी चित्रे पुढे केली. पैशाच्या जागी वस्तू देण्याची रीत आमच्या ठेकेदारांनी शोधली नाही तर! हेच ग्रिफिन पुढे लखनौला आले, १९३७ साली तिथेच वारले, आणि तिथल्याच मातीत आहेत. राइट यांचा मुलगा जॉन ह्याने थकलेला पगार आलेल्या रकमेतून परस्पर कापून घेतला, तेव्हा बापाने त्याला कामावरून काढून टाकले. कामगार नेत्याला अशा गोष्टी सापडल्या की किती आनंद होतो, तो तुम्ही समजू शकता.

त्या आनंदाच्या भरातच आम्ही हात वर केला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले, "बाई, ह्या साखळ्या टांगल्या कोणी? ह्या विटा लावल्या कोणी? त्या गवंड्याचे नाव काय?"

खोली शांत झाली. सुतार गृहस्थाने आमच्याकडे वळून पाहिले. बाई जराही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारले नाही." खिशातून लहानशी वही काढून त्यांनी प्रश्न लिहून घेतला. मग आपुलकीने विचारले, "तुम्ही ह्याच लोकांत काम करता असे तुमचा पुतण्या म्हणाला. तुमचे स्वतःचे घर कोणी बांधले?"

आम्ही तोंड उघडले आणि मिटले. आमचे दोन खोल्यांचे घर वीस वर्षांपूर्वीचे. मिस्तरीचे नाव आठवले. पुढे एकही नाही. सकाळी थडग्यापुढे चार नावे घडाघडा म्हणणारे आम्ही, त्या चौघांच्या पाठीमागे संपावर गेलेल्या हजारोंपैकी तरी पाचवे नाव आम्हांला कुठे येत होते? पुतण्याने विषय बदलला, म्हणून सुटलो.

परत आल्यावर चैन पडेना. मिस्तरी वारले होते. त्यांच्या मुलाने माळ्यावरून जुन्या हजेरीच्या वह्या काढून दिल्या. आमच्या घराचे पान सापडले. गवंड्यांची नावे पुरी लिहिलेली; बिगाऱ्यांची अर्धी; आणि रोजच्या हजेरीच्या शेवटी एकच नोंद : 'बाया ३'. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला. त्याखाली नोंदणी व्हायची तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागत असे, आणि त्या दाखल्यासाठी आम्ही ठेकेदारांशी जन्मभर भांडत आलो. आमच्या स्वतःच्या घराच्या कामाचा दाखला मात्र त्या तिघींपैकी एकीलाही आम्ही दिलेला नव्हता. विचारायचे सुचलेच नव्हते.

नाक्यावर चौकशी केली. तिघींपैकी एक गावी गेली, एकीचा पत्ता लागला नाही. तिसऱ्या मावशी अजून नाक्यावर उभ्या राहतात. साठी उलटल्यामुळे मंडळाच्या नोंदणीत आता बसत नाहीत. आम्ही त्यांना घरी चहाला बोलावले. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, आत येईनात. मग आल्या आणि पुढचा अर्धा तास आमच्याच घरातून आम्हांला त्यांच्या मागोमाग हिंडावे लागले. ह्या कोपऱ्यात वाळू पडली होती. इथे झोळी बांधून पोर निजवले होते. ही पायरी पहिल्यांदा वाकडी बसली म्हणून उकरून पुन्हा बसवली. भिंतींना त्या बेधडक हात लावत होत्या.

न्हाणीच्या दाराशी थांबून म्हणाल्या, "दादा, ही भित वल धरती न्हवं?"

आम्ही म्हणालो, "धरते. दोनदा दुरुस्ती केली, मावशी. कारण कळत नाही."

"कळंल कसं? त्या चार दिसांत नळाला पाणी न्हवतं. भितीवर पाणी मारलंच न्हाई. मिस्तरीनं तसाच गिलावा चढवला. म्या बोलले व्हते, पर बाईमाणसाचं कोन ऐकतंय?"

पुढच्या आठवड्यात त्या स्वतः उभ्या राहून तो गिलावा उतरवून घेणार आहेत. मजुरी रोख ठरली आहे, आणि हजेरीच्या वहीत नाव त्यांचे त्यांनी सांगितले तसे, आडनावासकट लिहिले आहे.