बागेचें हिवाळी पांघरूण

महाराष्ट्रांतील गृहस्थाला हिवाळा म्हणजे बागेच्या भराचा काळ. कोबी, वाटाणा, मेथी, मुळा यांनीं वाफे भरून जातात. जमीन उघडी पडते ती उन्हाळ्यांत. थंड देशांत स्थिति अगदीं उलट. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मेरिलँड संस्थानांत शरद् ऋतु संपतां संपतां भाजीपाल्याचा हंगाम आटोपतो, पुढें जमीन गोठते, आणि टोमॅटोचीं रोपें सहसा मे महिन्याखेरीज उघड्यावर लावतां येत नाहींत. मधल्या काळांत रिकामी जमीन तशीच राहिली, तर तिचा कसदार थर वाहून जातो आणि खतांतला उरलेला नत्र पाण्याबरोबर खालीं झिरपून नाहींसा होतो. नाहींसा होतो असें म्हणावयाचें. वस्तुतः तो ओढ्यानाल्यांतून चेसापीक उपसागरास मिळतो, तेथें शेवाळ माजवितो आणि माशांचा श्वास कोंडतो. म्हणूनच तेथील सरकार शरद् ऋतूंत पांघरुणाचें पीक पेरणाऱ्या शेतकऱ्यांना अनुदान देत आलें आहे.

हें पीक खाण्यासाठीं नव्हे, विकण्यासाठीं नव्हे, तर केवळ जमीन झांकण्यासाठीं असतें. त्यांत दोन वनस्पति विशेष प्रचारांत आहेत. एक राय. हें गव्हाच्या नात्यांतलें, थंडीला न जुमानणारें धान्य. फोडणींतल्या राईशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. दुसरी व्हेच, म्हणजे लाख-वाटाण्याच्या कुळांतील एक लवदार वेल. रायच्या दाट मुळ्या असलेला नत्र अडवून धरतात. व्हेचच्या मुळांवरील गाठींत राहणारे जंतु हवेंतला नत्र नवा आणून देतात. गाठींचें हें रहस्य हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानें १८८६ मध्यें जगापुढें मांडलें.

पेरणींत कांहीं अवघड नाहीं. सप्टेंबरांत बीं फेंकलें आणि दंताळ्यानें मातींत मिसळलें, कीं झालें. कसोटी लागते ती वसंतांत. बर्फ वितळतांच राय भराभर उंच होऊं लागते, व्हेच तिच्या आधारानें चढते, आणि साऱ्या परिसरांत तेवढा एक वाफा हिरवागार दिसतो. हौशी माणसाचा विळा अशा वेळीं उचलवत नाहीं. आणखी आठ दिवस वाढूं द्यावें, तेवढेंच खत अधिक मिळेल, असा त्याचा हिशेब असतो. व्हेचच्या बाबतींत हा हिशेब कांहींसा खराहि आहे. रायच्या बाबतींत तो पुरता चुकतो.

याचें कारण जमिनींतल्या सूक्ष्म जंतूंच्या आहारांत आहे. सुमारें २४ भाग कर्बास १ भाग नत्र, असें अन्न त्यांना मानवतें. व्हेचमध्यें हें प्रमाण ११ ला १ असतें; म्हणून जंतूंचें पोट भरूनहि नत्र उरतो आणि तो पुढच्या पिकाच्या वाट्यास येतो. कोवळ्या रायमध्यें तें २६, फुलोऱ्यांत ३७, आणि पिकलेल्या काडांत ८२ वर जातें. असें राठ काड मातींत गाडलें, म्हणजे तें कुजविण्यास लागणारा नत्र जंतु बाहेरून, अर्थात् रोपांच्या मुळांशेजारून, उचलतात. मग मोठ्या आशेनें लावलेला मका पिवळा पडतो आणि धनी बियाण्याला दोष देत बसतो.

तेव्हां राय गाडावयाची असेल, तर ती पोटरींत येण्यापूर्वींच कापली पाहिजे. कापल्यावर जमिनीचा वाफसा पाहूनच कुदळ घालावी. वसंतांतली ओली माती तुडविली, तर हिवाळाभर राखलेली भुसभुशीत जमीन एका दिवसांत दगड होते. गाडल्यावर दोन-तीन आठवडे थांबावें लागतें. कुजणाऱ्या रायमधून निघणारीं द्रव्यें गाजर, सॅलड यांसारख्या बारीक बियांची उगवण रोखतात. शिवाय कुजत्या पाल्याकडे एक लहानशी माशी ओढली जाऊन मातींत अंडीं घालते, आणि तिच्या अळ्या उगवतें मक्याचें व घेवड्याचें बीं पोंखरतात. वसंत कोरडा गेला, तर आणखी लौकर कापावें, कारण उभी राय जमिनींतली ओल पिऊन टाकते.

दुसरी रीत न गाडण्याची. मेरिलँडमधील बेल्ट्सव्हिल येथील सरकारी कृषिसंशोधन केंद्रांत अब्दुल-बाकी व टीसडेल यांनीं व्हेच कापून जागच्या जागींच अंथरली आणि त्या गादींतच टोमॅटोचीं रोपें लावलीं. हे प्रयोग त्यांनीं १९९३ मध्यें प्रसिद्ध केले. काळ्या प्लॅस्टिकच्या आच्छादनापेक्षां येथें पहिलीं फळें उशिरां आलीं, परंतु एकूण उत्पन्न अधिक निघालें. त्याच केंद्रांतील संशोधकांनीं २००४ मध्यें असें दाखविलें कीं, व्हेचच्या गादीवरील टोमॅटोचीं पानें उशिरां म्हातारीं होतात. अशा गादीसाठीं राय वापरावयाची, तर मात्र फुलोऱ्याची वाट पाहिली पाहिजे. आधीं कापलेली राय पुन्हां फुटते. फुलोरा उलटून दाणा भरूं द्यावयाचा नाहीं, हें तर उघडच आहे. व्हेचचें बीं सांडलें, तर त्यांतलें कठीण कवचाचें बीं पुढें कित्येक वर्षें तण म्हणून डोकें वर काढतें.

ज्यांना एवढी राखण जमणार नाहीं, त्यांनीं ओट पेरावे. कडक थंडीनें ते आपोआप मरतात, आणि वसंतांत वाळलेली काडी तेवढी बाजूला सारावी लागते.

फुलोऱ्याची ही खूण जुनी आहे. सुमारें २३०० वर्षांपूर्वीं थिओफ्रास्टस या ग्रीक पंडितानें लिहून ठेवलें आहे कीं, मॅसिडोनिया व थेसली येथील शेतकरी शेंगवर्गी पीक फुलावर असतांनाच नांगरून टाकतात. महाराष्ट्रांत हिवाळ्याऐवजीं पावसाळ्यांत तागाचें तेंच केलें जातें. पहिल्या पावसावर पेरलेला ताग सहासात आठवड्यांत, फुलें दिसूं लागतांच, गाडतात. तोंवर त्याचा दांडा कोंवळा असतो. दोरासाठीं वाख काढावयाचा असला, तर तोच ताग शेंगा धरीपर्यंत उभा ठेवतात.