नक्षीमागचे नाव

(मांडवगण फराटा येथे नाताळ विक्रीपूर्वी झालेल्या मंडळीच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



मागच्या टेबलावर आपल्या शिवणवर्गातील भगिनींनी तयार केलेल्या पिशव्या, अभ्रे आणि टेबलक्लॉथ मांडले आहेत. त्यांच्यावरच्या नक्षीबद्दल आज बोलायचे आहे. पण आधी माझी एक चूक कबूल करते.

दोन वर्षांपूर्वी विक्रीला माल कमी पडला. मी बाजारातून वारली चित्रांचे छापील कापड आणले, भगिनींकडून त्याला कडा शिवून घेतल्या आणि 'आदिवासी कला' म्हणून आपण ते विकले. एका दिवसात सगळे संपले. त्या दिवशी डहाणूकडची एक वारली मुलगी पाहुणी म्हणून आली होती. कापड हातात घेऊन ती म्हणाली, "ताई, हे कोणी काढलंय? यात नाचणाऱ्यांनी तारप्याकडे पाठ केलीय. आमच्यात तारप्याला कोणी पाठ दाखवत नाही."

मी निरुत्तर झाले. ते चित्र कोणीच काढलेले नव्हते. यंत्राने कुठून तरी उचलून छापले होते.

वारली चित्र म्हणजे काय, हे मी त्यानंतर नीट समजून घेतले. गेरूने किंवा शेणमातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने ते काढतात. सूर्य-चंद्र पाहून गोल आला, डोंगर आणि झाडांचे शेंडे पाहून त्रिकोण आला. लग्नघरात सुवासिनी चौक काढतात. त्या चौकात त्यांची पालघट देवी असते. म्हणून तो चौक आपण सजावटीला घेऊ नये, आणि त्याची टिंगलही करू नये. कोणती नक्षी बाहेर द्यायची आणि कोणती घरात ठेवायची, हे ज्यांची ती आहे त्यांनाच विचारले पाहिजे.

ही कला भिंतीवरून कागदावर आली ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात काम करणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागातल्या पाड्यांवर गेले. तिथल्या लोकांना त्यांनी कागद आणि रंग दिले. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचे नाव पुढे जगभर गेले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. पण ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या लग्नघरांच्या भिंती रंगवल्या, त्यांची नावे कुठे आहेत? २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले झाले. मात्र कागदावरची नोंद दुकानादुकानात जाऊन पहारा देत नाही. तो पहारा विकणाऱ्याने आणि विकत घेणाऱ्याने द्यायचा असतो, आणि मी तो दिला नाही.

नाव कसे हरवते पाहा. आपल्या साड्यांवरची कोयरी सगळ्यांना ठाऊक आहे. काश्मीरच्या शालींवर ती विणली जात असे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या पेझली गावात त्या शालींच्या नकला मागांवर विणल्या गेल्या, आणि इंग्रजीत त्या नक्षीला आजही त्या गावाचेच नाव आहे. काश्मीरच्या विणकराचे नाव कोणाला आठवत नाही.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात देव मोशेला एका कारागिराविषयी सांगतो. त्याचे नाव बसालेल. बापाचे नाव, आजोबांचे नाव, वंश, सगळे तिथे लिहिलेले आहे. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले, ते हाताच्या कामासाठी. त्याचा सोबती अहलियाब, त्याचेही नाव आहे. आणि त्या निवासमंडपात नक्षी कसली होती? दीपवृक्षावर बदामाची फुले, महायाजकाच्या झग्याच्या घेरावर निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची डाळिंबे. देवाने स्वतःच्या सृष्टीतलीच फुलेफळे वस्त्रावर मागितली. प्रभू येशूनेही रानातल्या भूकमळांकडे बोट दाखवून म्हटले की, शलमोनाचे वैभवही त्यांच्यापुढे फिके आहे. मग डोंगर, पाणी आणि पाखरे पाहून नक्षी घालणाऱ्या आदिवासी भगिनीचे काम आपण हलके कसे मानायचे?

आपल्या इथलेच उदाहरण देते. नदीकाठच्या भिल्ल वस्तीतील भगिनी वर्गात येऊ लागल्या, तेव्हा मी त्यांना छापील पुस्तकातले गुलाब गिरवायला दिले. त्यांनी गिरवले, पण हात अडखळत होते. एकदा एका मावशींच्या घरी गेले. त्यांनी बसायला गोधडी टाकली. जुन्या लुगड्यांची, दाट धावदोऱ्याची. टाके सरळ रेषेत नव्हते, हलक्या लाटांसारखे जात होते. मी विचारले, "मावशी, हे कुठे शिकलात?" त्या म्हणाल्या, "शिकायचं काय त्यात? पहाटे जाळं टाकायला गेलं की भीमेचं पाणी असंच दिसतं."

आम्ही गुलाबाचे पुस्तक मिटले. आज टेबलावर ज्या पिशव्या आहेत, त्यांवर मावशींचे ते पाणी आहे. त्यांनी ते इतर भगिनींना शिकवले. निर्गमात बसालेलालाही कारागिरीबरोबर शिकवण्याची बुद्धी दिल्याचे लिहिले आहे, हे मला तेव्हा आठवले.

यंदा आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. छापील कापड हातकाम म्हणून विकायचे नाही. जिने वस्तू केली तिची हरकत नसेल, तर तिचे नाव आणि वस्तीचे नाव चिठ्ठीवर लिहायचे. आणि शिलाईबरोबर नक्षीचेही पैसे द्यायचे. मावशींच्या लाटांची पिशवी विकली गेली की, शिवणारी दुसरी असली, तरी थोडा वाटा मावशींना जातो. त्यामुळे किंमत मागच्यापेक्षा जास्त आहे, हे मला माहीत आहे. एका पिशवीला दोन दिवसांचा धावदोरा लागतो.

तेव्हा टेबलाकडे जाल तेव्हा कृपा करून घासाघीस करू नका. आधी चिठ्ठी वाचा. त्यातल्या तिघी आज इथेच मागच्या रांगेत बसल्या आहेत. वस्तू घेतल्यावर त्यांना नावाने हाक मारा आणि सलाम करा. घरी गेल्यावर कोणी विचारले, "हे कोणी केलंय?" तर तुमच्याजवळ उत्तर असू द्या.

प्रभू आपल्या हातांच्या कामाला आशीर्वाद देवो. आमेन.