फोनवरची गोळी

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



दहावीनंतर गोंडपिपरी सोडली. आज मी नागपूरला अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. संयोजकांनी "आरोग्यावर दोन शब्द बोल" म्हटलं, तेव्हा आधी एक कबुली द्यायचं ठरवलं.

तुमच्यापैकी अनेकांना मी फोनवरून अँटिबायोटिक सांगितलं आहे. रोवण्याचे दिवस, चंद्रपूरला गेलं तर मजुरी बुडते. मला नाही म्हणवत नव्हतं.

मग आपल्याच भागातले एक काका पक्षाघात होऊन माझ्या वॉर्डात आले. घरच्यांना विचारूनच हे सांगते आहे. मधुमेह जुना. लघवीसाठी नळी घातलेली. आठव्या दिवशी ताप चढला. तपासणीत जे जंतू सापडले, त्यांच्यावर नेहमीची औषधं चालेनात. "तीन महिन्यांत कोणती औषधं घेतली?" मी मुलाला विचारलं. त्यानं पिशवी उलटी केली. तीन वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या अर्धवट पट्ट्या. त्यातली एक मीच सांगितलेली.

काका वाचले, पण महिनाभर खाट सुटली नाही, आणि बैलजोडी विकावी लागली.

धानावर तीच ती फवारणी केली की तुडतुडे दाद देत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगू! शरीरातही तसंच. औषधानं साधे जंतू मरतात, चिवट उरतात आणि आतड्यात वाढतात. दवाखान्यात लघवीची नळी, शिरेतली सुई, व्हेंटिलेटर या त्यांच्या आत शिरायच्या वाटा. मुक्काम जितका लांबेल तितका धोका वाढतो. वय, मधुमेह, डायलिसिस, आधीची भरती यांनीही तो वाढतो. शिवाय एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जंतू नेतात ते आपलेच न धुतलेले हात.

हे मोठ्या शहरांतही घडतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात 2009 साली कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणारे 24 जंतू-नमुने तपासले. त्यांतल्या 22 मध्ये एनडीएम-1 हे जनुक निघालं. 2019 साली जगभरात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे सुमारे 12 लाख 70 हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे.

म्हणून चार गोष्टी सांगते. सर्दी-पडसं बहुतेकदा विषाणूंचं असतं. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. पट्टीवर लाल रेघ दिसली तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नका. भरती होताना मागच्या तीन महिन्यांतल्या औषधांची पिशवी सोबत न्या. आणि आपला माणूस खाटेवर असेल तर रोज नम्रपणे विचारा, "डॉक्टर, ही नळी अजून लागते का?" त्याला हात लावण्याआधी आणि नंतर आपले हात धुवा.

पण एक लक्षात ठेवा. खरंच गरज असेल तिथे अँटिबायोटिक जीव वाचवतं. डॉक्टरनं तपासून दिलं तर घाबरून टाळू नका, आणि मनानं मध्येच सोडूही नका.

गुरुजी, गणित चुकलं की तुम्ही ते पुन्हा सोडवायला लावायचात. आज तेच करते आहे. मित्रांनो, फोन मात्र करत राहा. यापुढे गोळीचं नाव सांगणार नाही. तपासायला कुठे जायचं आणि किती लवकर जायचं, ते नक्की सांगेन.