ऐकणारी पेशी



१८९३ साली व्हिएन्नात आलोइस क्रायडल या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं कोळंबीवर एक प्रयोग केला. कोळंबीच्या डोक्याशी, छोट्या मिशांच्या बुडाशी, दोन बारीक पिशव्या असतात. त्यांच्या आतल्या बाजूला संवेदक रोम असतात आणि रोमांवर वाळूचे कण टेकलेले असतात. कोळंबी कात टाकते तेव्हा या पिशवीचं अस्तरही निघून जातं, त्याबरोबर वाळूही जाते. मग ती नव्यानं वाळू भरून घेते. क्रायडलनं टाकीत वाळू ठेवलीच नाही, लोखंडाचा कीस ठेवला. कात टाकून झालेल्या कोळंबीनं तोच भरून घेतला. आता त्यानं वरच्या बाजूनं चुंबक धरलं. कोळंबी उलटी झाली, पाय वर आणि पाठ खाली. कण ज्या बाजूला ओढले जातात ती बाजू खालची, एवढंच तिला ठाऊक. चुंबकानं कण वर ओढले, तर तिच्यासाठी ‘खाली’ तिकडे गेलं.

कानावरचं व्याख्यान मी तोलाच्या पिशवीपासून सुरू केलं, कारण कानाचं जुनं काम तेच आहे. तुमच्या-माझ्या आंतरकर्णात संवेदक पेशींचे सहा पट्टे आहेत. त्यातले पाच तोल आणि हालचाल यांच्यासाठी: तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये प्रत्येकी एक, आणि आणखी दोन अशा जागी जिथं पेशींवर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक टेकलेले असतात. ऐकण्यासाठी उरतो तो एकच पट्टा, कॉक्लियातला, म्हणजे आंतरकर्णातल्या वेटोळ्या नळीतला. आणि सहाही ठिकाणी काम करणारी पेशी मुळात एकाच घडणीची आहे. तिचं नाव केशपेशी. आज मला बोलायचं आहे ते तिच्याबद्दल.

ही पेशी उभी असते. तिच्या माथ्यावर ताठ, अतिसूक्ष्म रोमांचा झुबका असतो. झुबका अस्ताव्यस्त नसतो: एका बाजूला सर्वांत बुटके रोम, मग त्याहून उंच, मग सर्वांत उंच, अशा ओळी लागलेल्या असतात. १९८४ साली जेम्स पिकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या कानात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं पाहिलं, तेव्हा प्रत्येक बुटक्या रोमाच्या टोकापासून शेजारच्या उंच रोमाच्या अंगापर्यंत गेलेला एक धागा दिसला. झुबका उंच रोमांच्या दिशेनं कलला की हा धागा ताणला जातो, आणि त्या ताणानं रोमाच्या टोकाशी असलेलं सूक्ष्म छिद्र उघडतं. बाहेरच्या द्रवातलं पोटॅशियम आत शिरतं, पेशीचा विद्युतदाब बदलतो, पेशीच्या तळातून रसायन सुटतं आणि मज्जातंतू चेतवला जातो. झुबका उलट दिशेला कलला की धागा सैल, छिद्र बंद. जेम्स हडस्पेथ आणि डेव्हिड कोरी यांनी १९७७ साली मोठ्या अमेरिकन बेडकाच्या कानातल्या पेशी घेऊन, काचेच्या बारीक टोकानं झुबका हलवून, हे प्रत्यक्ष मोजलं होतं.

या यंत्रणेचं मोठेपण तिच्या वेगात आहे. डोळ्यातल्या पेशीत प्रकाश पडला की रसायनांची साखळी सुरू होते, तिला वेळ लागतो. केशपेशीत मधलं काहीच नाही. ताण थेट दार उघडतो, तेही सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षा कमी वेळात. म्हणून तर सेकंदाला हजारो वेळा होणारी कंपनं आपल्याला कळतात. आणि अगदी अस्फुट आवाजाला हा झुबका किती हलतो? एका नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. काही अणू शेजारी-शेजारी ठेवले तर होईल तेवढं अंतर.

पोटॅशियमबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. शरीरात पेशींच्या बाहेरच्या द्रवात सोडियम भरपूर आणि पोटॅशियम अगदी थोडं असतं. केशपेशींच्या डोक्यावरच्या द्रवात मात्र नेमकं उलट आहे, आणि तो द्रव सुमारे ८० मिलिव्होल्ट धन दाबावर ठेवलेला असतो. कॉक्लियाच्या बाजूच्या भिंतीत रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली एक पट्टी आहे. ती रात्रंदिवस हे काम करते. त्यामुळे केशपेशीला स्वतःला फारशी ऊर्जा खर्च करावी लागत नाही; छिद्र उघडताच प्रवाह आपोआप आत येतो.

आता माशांकडे वळू. बाजारातून आणलेला रोहू आडवा ठेवून नीट पाहा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत खवल्यांची एक रांग अशी दिसेल की प्रत्येक खवल्याला बारीक भोक आहे. त्या भोकांमागच्या नळीत केशपेशींचे पुंजके बसलेले असतात, वर जेलीची टोपी घालून. पाणी हललं की जेली कलते, पेशी कलतात. शेजारून कोण गेलं हे माशाला अंधाऱ्या गढूळ पाण्यातही कळतं ते यामुळे. रोहू-कटल्याच्या जातकुळीत आणखी एक सोय आहे. पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आंतरकर्णापर्यंत छोट्या हाडांची साखळी आहे. एर्न्स्ट हाइनरिख वेबरनं १८२० साली तिचं वर्णन केलं. आवाजानं हवेची पिशवी थरथरते आणि हाडं ती थरथर कानाला पोचवतात.

घोळ आणि ढोमा या माशांच्या डोक्यातले पांढरे दगड आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना चांगले माहीत आहेत. ते कानातलेच दगड. माशाचं अंग पाण्याइतक्याच घनतेचं, म्हणून ते आवाजाच्या कंपनाबरोबर पाण्यासारखंच हलतं. जड दगड मात्र मागे राहतो. या फरकानं त्याच्याखालच्या केशपेशींचे झुबके कलतात. दगडावर वाढीची वलयं चढत जातात. मत्स्यशास्त्रज्ञ तो दगड घासून पातळ करतात आणि वलयं मोजून माशाचं वय ठरवतात.

सस्तन प्राण्यांच्या मध्यकर्णातली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही हाडं शाळेपासून सर्वांना ठाऊक आहेत. त्यातली हातोडी आणि ऐरण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्यातून आली, हे कार्ल रायखर्टनं १८३७ साली भ्रूणांच्या अभ्यासातून दाखवलं. कानाच्या मोठ्या पडद्यावरचा दाब रिकिबीच्या छोट्या बैठकीवर एकवटतो आणि हवेतलं कंपन द्रवात उतरतं. तिथून पुढं कॉक्लिया.

कॉक्लियाचा काप तयार करणं हे चिकाटीचं काम आहे. शरीरातल्या सर्वांत कठीण हाडांपैकी एकात ती बसलेली असते, त्यामुळे आधी ते हाड रसायनात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं. मग मधल्या खांबातून उभा छेद घ्यायचा. वेटोळी नळी एकच, पण छेदात ती खांबाच्या दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा कापलेली दिसते. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात एक वेटोळं मोठं करून पाहिलं की आधी तिरका, नाजूक पडदा नजरेत येतो, मग खालचा आडवा पडदा, आणि त्या आडव्या पडद्यावर मधोमध एक रिकामा त्रिकोण. त्रिकोणाच्या आतल्या अंगाला एक केशपेशी. बाहेरच्या अंगाला तीन. त्यांना सावरून धरणाऱ्या आधारपेशी खालून आणि मधून. अल्फोन्सो कोर्ती या तरुण इटालियन शास्त्रज्ञानं १८५१ साली हे सगळं प्रसिद्ध केलं, त्या काळच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहून. माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत आलो की स्लाइड पाहताना तो त्रिकोण शोधा, बाकीचं सगळं आपोआप सापडेल.

एक आणि तीन, हा हिशेब पूर्ण वेटोळ्यात तसाच चालतो. माणसाच्या एका कानात आतल्या केशपेशी सुमारे साडेतीन हजार आणि बाहेरच्या सुमारे बारा हजार. डोळ्याच्या पडद्यावर दहा कोटींहून अधिक प्रकाशपेशी असतात. ऐकण्याचा आपला सगळा व्यवहार मात्र या मूठभर पेशींवर चालतो. त्यातही मेंदूकडे जाणारे बहुतेक तंतू आतल्या एका रांगेतूनच निघतात. मग बाहेरच्या तीन रांगा कशासाठी?

याचं उत्तर मिळायला फार वर्षं लागली. हंगेरीचे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या आणि प्राण्यांच्या, अगदी हत्तीच्यासुद्धा, कॉक्लिया उघडून आडव्या पडद्यावर लाट कशी धावते ते पाहिलं. पडदा सुरुवातीला अरुंद आणि ताठ, टोकाकडे रुंद आणि सैल. म्हणून बारीक, उंच आवाजाची लाट सुरुवातीलाच शिगेला पोचते आणि जाड आवाजाची टोकाकडे. १९६१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण मृत कानातली ही लाट पसरट होती. जिवंत कान दोन जवळजवळचे स्वर जितके नेमके वेगळे करतो, त्याचा उलगडा तिच्यातून होत नव्हता. थॉमस गोल्ड यांनी १९४८ सालीच म्हटलं होतं की कानात ऊर्जा खर्चून कंपन वाढवणारी काहीतरी यंत्रणा असली पाहिजे, नाहीतर द्रवाच्या घर्षणात ते विरून जाईल. तीस वर्षं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानात बारीक मायक्रोफोन बसवून एक टिचकीसारखा आवाज सोडला, आणि काही मिलिसेकंदांनी कानातूनच एक क्षीण आवाज परत आला. जिवंत कान स्वतः आवाज करतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

१९८५ साली विल्यम ब्राउनेल यांनी गिनीपिगची बाहेरची केशपेशी सुटी काढून तिला विजेचा दाब दिला, तर ती आखूड-लांब होऊ लागली. २००० साली पीटर डॅलोस यांच्या गटाला त्यामागचं प्रथिन सापडलं, प्रेस्टिन. म्हणजे बाहेरच्या तीन रांगा ऐकत नाहीत, त्या लाटेला जोर देतात: झोपाळा परत येत असताना नेमक्या क्षणी हात लावावा, तसा दर फेऱ्याला. हा जोर गेला की माणूस ठार बहिरा होत नाही, पण हळू आवाज ऐकू येत नाहीत आणि गर्दीत बोलणं कळेनासं होतं. वटवाघूळ आणि डॉल्फिन दोघंही आवाजाच्या प्रतिध्वनीवर शिकार करतात आणि दोघांचे पूर्वज फार लांबचे. तरी त्यांच्या प्रेस्टिनमध्ये बरेचसे बदल सारखेच झाले आहेत, असं २०१० साली दिसून आलं. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

केम्प यांच्या शोधाचा उपयोग आज नवजात बाळांसाठी होतो. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ नळी ठेवायची आणि परतीचा आवाज येतो का ते पाहायचं. काही मिनिटांचं काम, बाळानं काही सांगायची गरज नाही. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी ही तपासणी आवर्जून मागून घ्यावी.

या पेशी मरतात कशानं? मोठ्या आवाजानं, वयानं आणि काही औषधांनी. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, जेंटामायसिन या प्रतिजैविकांचे रेणू केशपेशीच्या त्याच छिद्रातून आत शिरतात जे ऐकण्यासाठी उघडतं, आणि आत साठत जातात. क्षयरोगाच्या अवघड उपचारात कॅनामायसिनची इंजेक्शनं घेतलेल्या कितीतरी रुग्णांनी आपल्याकडे ऐकू येणं गमावलं. आता त्या इंजेक्शनांच्या जागी तोंडानं घ्यायची औषधं आली आहेत, ही मोठी दिलाशाची बाब. आधी मरतात त्या सुरुवातीच्या वेटोळ्यातल्या बाहेरच्या पेशी, म्हणून आधी जातात ते उंच स्वर: स, श, फ ही अक्षरं. ढोल-ताशा पथकातल्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे, सराव करतानाही कानात बोळे घाला. ढोलाचा ठेका अंगाला तसाही कळतो.

सस्तन प्राण्यात गेलेली केशपेशी परत येत नाही. पक्ष्यांत येते. १९८८ साली दोन स्वतंत्र गटांनी कोंबडीची पिल्लं आणि लावे यांच्यात, मोठ्या आवाजानं केशपेशी मेल्यावर काही दिवसांत नव्या उगवल्याचं दाखवलं. शेजारच्या आधारपेशी विभागतात किंवा थेट केशपेशीत बदलतात. झेब्राफिश हा आपल्याकडच्या ओढ्या-नाल्यांत आढळणारा बोटाएवढा मासा. त्याच्या अंगावरच्या रांगेतल्या पेशी औषधानं मारल्या तर दोन-तीन दिवसांत भरून येतात.

हे कशानं घडतं याचा धागा फळमाशीपर्यंत जातो. कीटकांचे कान वेगळ्याच जागी: नाकतोड्याचा पोटाच्या बाजूला, रातकिड्याचा पुढच्या पायावर, डासाचा मिशीच्या बुडाशी. नर डासाच्या एका मिशीच्या बुडाशी सुमारे पंधरा हजार संवेदक पेशी असतात, मादीच्या पंखांचा आवाज टिपायला. घडण आपल्या कानापेक्षा अगदी निराळी. तरीही फळमाशीत हे संवेदक अवयव ज्या जनुकामुळे घडतात, त्याचाच भाऊबंद असलेलं ॲटोएच-१ हे जनुक उंदरात केशपेशी घडवतं. १९९९ साली ते काढून टाकलेल्या उंदरांत एकही केशपेशी तयार झाली नाही. पक्ष्याच्या कानात इजा झाली की हेच जनुक पुन्हा जागं होतं.

उंदराच्या पिल्लात जन्मानंतरचे थोडेच दिवस आधारपेशी नवी केशपेशी घडवू शकतात. पिल्लाला ऐकू येऊ लागतं साधारण बाराव्या दिवशी, आणि तोवर ती ताकद गेलेली असते. जनुक तिथंच असतं, पण त्याच्याभोवतीचं डीएनए असं आवळून बांधलं जातं की ते वाचता येत नाही. ते पुन्हा सैल कसं करायचं यावर आज काम चाललं आहे. मधल्या काळात दुसरीकडून एक बातमी आली. ओटोफेर्लिन नावाच्या प्रथिनात जन्मजात दोष असला तर केशपेशी शाबूत असतात, पण त्यांच्या तळातून रसायन सुटत नाही आणि मूल बहिरं राहतं. शांघायच्या डॉक्टरांनी निरुपद्रवी विषाणूतून निरोगी जनुक अशा सहा मुलांच्या कानात पोचवलं. त्यातल्या पाच मुलांना ऐकू येऊ लागलं, असं २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालं. तिथं पेशी होत्या, म्हणून हे जमलं. जिथं त्या उरलेल्याच नाहीत, अशा कानांसाठी सध्या कॉक्लियर इम्प्लांट आहे. ते पेशींना वगळून थेट मज्जातंतूला वीज देतं, आणि ते लहान वयात बसवलं तर मूल बोलायला शिकतं.