पोटाचा मुरडा आणि जुनी चिठ्ठी
(तासगाव येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजचा विषय काहींस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या दुखण्याविषयी घरात कोणी बोलत नाही, त्यापायी औषधाच्या दुकानात पैसा मात्र पुष्कळ जातो, म्हणून आम्ही तो मुद्दाम घेतला आहे. पोटात मुरडा यावा, शौचानंतर बहुधा शमावा. कधी मलावरोध, कधी अतिसार. आणि तपासण्या मात्र निर्दोष! डॉक्टर यास ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ म्हणतात. हा मनाचा भ्रम नव्हे. आतड्याच्या स्नायूंची लय बिघडते व तेथील मज्जातंतू अतिसंवेदनशील होतात. यातून कर्करोग मात्र उद्भवत नाही.

औषध लक्षण पाहून द्यावयाचे. मुरड्यावर मेबेव्हेरिन किंवा डायसायक्लोमिन, अतिसारावर लोपेरामाइड, मलावरोधावर गुजरातेतील उंझ्याच्या बाजारातून येणारा आपला परिचित इसबगोल. तो थोड्यापासून आरंभावा व भरपूर पाण्याबरोबर घ्यावा. कोरडा गिळल्यास घशात अडकतो. गव्हाचा कोंडा पुष्कळांचा वायू वाढवितो. आपल्या बेदाण्याचेही तसेच. भिजविलेल्या बेदाण्यांनी कोठा साफ होतो, हे आजीबाईंचे म्हणणे खरे. पण या रोग्यांपैकी काहींचे पोट त्यानेच फुगते. तासगावात उभे राहून हे बोलणे धाडसाचेच! अल्प मात्रेत अमिट्रिप्टिलिन लिहून दिले, तर रोग्यास वेडा ठरविले असे घरच्यांनी समजू नये; ते आतड्याची वेदना शमविते.

एकदा मिळालेली चिठ्ठी वर्षानुवर्षे दुकानदारापुढे धरावयाची, ही आपल्याकडील रीत घातक आहे. आतड्यास गती देणारे सिसाप्राइड एके काळी सर्रास खपत असे. त्याने हृदयाचे ठोके अनियमित होऊन मृत्यू ओढवू शकतो, विशेषतः एरिथ्रोमायसिनसारखे औषध सोबत असता, हे पुढे उघड झाले. अमेरिकेत २००० साली त्याची सर्वसाधारण विक्री थांबली. आपल्या सरकारने त्यावर २०११ मध्ये बंदी घातली. त्याच वर्षी टेगासेरॉडही आपल्याकडे बंद झाले; अमेरिकेत त्याची विक्री २००७ सालीच हृदयविकाराच्या शंकेने थांबविण्यात आली होती. जुनी चिठ्ठी या गोष्टी कशी सांगणार?

शौचातून रक्त, घटते वजन, ताप, पंडुरोग, झोपेतून उठविणारा अतिसार, अथवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेला त्रास, यांपैकी काही असल्यास हाच विकार आहे असे गृहीत धरू नये. भगिनी तर संकोचाने महिनोन् महिने सोसतात. घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतः विचारावे, आणि मिरज-सांगलीस नेऊन तपासून आणावे.